दर्शनी भिंत

देवेश सकाळपासून पुढच्या पडवीची भिंत खरवडत होता आणि विमलाकाकी सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवून होती. तांदूळ निवडायचं नुसतं निमित्त. सुपातले खडे राहून जात होते, पण पुतण्याचा हात कुठे वळतो ते एकदाही सुटलं नाही.

सहा वर्षं चतुर्थीला तोंड न दाखवणारा हा बाबा यंदा श्रावणातच मुंबईहून उतरला होता. तोही पिशवीत रंग खरवडायच्या तीन कोऱ्या पत्त्या घेऊन! "काकी, यंदा घर मी रंगवणार. स्वतःच्या हातांनी." ऐकून वाडीतल्या बायकांना कोण कौतुक! काकीला मात्र ते कौतुक पचलं नाही. घर कागदावर देवेशच्या बापाचं, म्हणजे बाप गेल्यावर देवेशचं. काकी लग्न होऊन आल्यापासून एकतीस वर्षं इथे राहत होती, एवढंच. त्यातली शेवटची आठ एकटीच.

तासभर घासूनही रंग निघेना, तेव्हा तिनेच शेजारच्या बाबली रंगाऱ्याला हाक मारली. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. बाबलीने देवेशच्या हातातली रुंद पत्ती घेतली आणि बोटाने वाकवून दाखवली.

"ही लांबी भरूची, भितीची भोकां बुजवची पत्ती रे. खरवडूक जाड व्हयी, वाकणार नाय अशी. आणि तिचे कोपरे आधी कानशीन घासून घी, नायतर भितीक ओरबाडे पडतले."

"व्हिडिओत तर हीच होती."

"व्हिडिओतली भीत चुन्याची होती काय?"

बाबलीने भिंतीवर पाणी शिंपडलं, थोडं मुरू दिलं आणि जाड पत्ती आडवी धरून खालून वर सरकवली. रंगाची सालं सुटायला लागली. वर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली चुना. देवेश भराभर शिकला. हाताला फोड आले तरी थांबेना, आणि काकीला नेमकं तेच खुपलं. घराची एवढी माया ह्याला कधीपासून?

थोडी भिंत साफ झाली की तो रस्त्यावर जाऊन फोटो काढायचा. एकदा तर त्याने अंगणातल्या दोरीवरची काकीची साडी काढली, नीट घडी करून आत ठेवली आणि मगच फोटो घेतला.

"फोटो कोणाक रे?" काकीने विचारलं.

"असंच गं. मित्रांना."

"आणि गणपतीची भीत कधी घेवची?"

"आतलं राहू दे यंदा. आधी समोरचं होऊ दे."

बाबलीचा हात थांबला. चाळीस वर्षं तो चतुर्थीची घरं रंगवत होता. पहिली पत्ती लागते ती गणपती बसतो त्या भिंतीला. मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि रंग उरला तर बाहेरची भिंत. गणपतीला सोडून रस्त्याकडून सुरुवात करणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. तो काकीकडे वळला.

"वयनी, गाऱ्हाणा घातलास?"

"खयचा! ह्येना माका न इचारताच पत्ती लावल्यान."

घरात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने देवाला सांगायचं आणि उभ्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून कबूल व्हायचं. गाऱ्हाणं एरवी पुरुषमाणूस घालतो. या घरात नवरा गेल्यापासून काकीच घालायची, आणि देवाने अजून तक्रार केली नव्हती. तिने नारळ आणला, दोघांना आत बोलावलं आणि गणपतीच्या भिंतीसमोर उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान घराचा काम काढल्यान हा, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघे म्हणाले. देवेशचा आवाज बाबलीपेक्षा मोठा होता.

"शिडयेवर चढतलो, उतारतलो, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकीने नारळ घट्ट धरला. तिला भीती वाटत होती, चांगलीच. पण आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणार?

"ह्या घर रंगवून तो कोणाक विकूचो नाय, आणि आपल्या काकीक हयसून उठवचो नाय, ता खरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबली एकटाच म्हणाला.

देवेश खाली बघत होता. त्याने पत्ती पँटला पुसली. मग परत पुसली.

"काकी, असं कुठे गाऱ्हाणं असतं का?" तो पुटपुटला.

काकीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. तिने नारळ फोडला नाही. तो घेऊन ती तरातरा पुढच्या दाराशी गेली. उंबऱ्यावर बसू नये, हे सासूने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि एकतीस वर्षं तिने ते पाळलं होतं. आज नारळ मांडीवर घेऊन ती तिथेच ऐसपैस बसली.

"तुका व्हय म्हणूचा आसात तेवा म्हण," ती मागे न बघता म्हणाली. "तवसर ह्यो नारळ फुटाचो नाय, आणि मी हयसून उठाचंय नाय."