परत उडायचं

एमआयडीसीची बस समोरून निघून गेली तरी सुजाता महाडच्या थांब्यावरच उभी राहिली. विमान चालवायला शिकणाऱ्या लेकीच्या, साक्षीच्या, मैत्रिणीचा फोन आला होता. शिकाऊ विमान उतरवताना शेपटीचं सुकाणूच अडकलं, विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. पण साक्षी चालत बाहेर आली. त्यानंतर साक्षी काही फोन उचलेना. सुजातानं ठरवूनच टाकलं, पुरे झालं ते उडणं, आता तिला घरी आणायची.

शेवटी साक्षीचाच फोन आला.

"कुठं लागलं काय गो?"

"नाय आई, खरचटलंय फक्त." मग ती म्हणाली, "सर म्हणतात, भीती बसायच्या आत परत उडायचं. उद्याच, एकटीनं. तू नको म्हणालीस तर मी घरी येते."

सुजाताच्या ओठांवर 'नको' आलंच होतं. पण लेकीचा आवाज ती ओळखून होती. पोरीला स्वतःला नको म्हणता येत नव्हतं, म्हणून ती ते आईकडून मागत होती. आज आपण नको म्हटलं, तर ही भीती पोरीला जन्मभर पुरणार, हे सुजाताला कळत होतं.

"जा," सुजाता म्हणाली. "उतरलीस की आधी मला फोन कर."

फोन ठेवल्यावर मात्र एमआयडीसीची पुढची बस आली, तीही तिनं जाऊ दिली.