आंब्याची बिअर

लीव्हन कुऱ्हाड घेऊन तळघरात उतरला, तेव्हा धाकटा भाऊ योस्ट पिंपांची बुचं तपासत होता.

"ब्रसेल्सची पोरं रांगा लावून तुझी आंब्याची बिअर पितात म्हणे. बाबांच्या पिंपांत आंबा ओतलास?"

"बाबांची आंबट बिअर आता पितं कोण, दादा? गावात तू आणि पाद्रीबुवा. त्यातून पाद्रीबुवांचे दात गेलेत. पण ऐक, एक पिंप मात्र मी..."

लीव्हनने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. जबडा निखळला आणि योस्टचं बोलणं तिथेच थांबलं. मग लीव्हन एकेक पिंप फोडत सुटला. गोडसर वासाची पिवळी बिअर फरशीवर पसरली. योस्ट पडल्या जागेवरून नुसता बघत राहिला. लीव्हन कोपऱ्यातल्या पिंपाकडे वळला, तसा मात्र तो सरपटत गेला आणि हात पसरून त्याच्यापुढे बसला. घशातून घरघर तेवढी येत होती.

"म्हणजे तुझा जीव यात आहे तर," लीव्हन म्हणाला. त्याने भावाला लाथेने बाजूला लोटलं आणि सगळा जोर लावून घाव घातला.

चिळकांडी थेट त्याच्या ओठांवर उडाली. तिच्यात आंबा नव्हता. जीभ आवळून घेणारी, जुन्या गवताच्या वासाची ती चव बाबा गेल्यापासून त्याला कुठेच मिळाली नव्हती. बाबांनी स्वतः भरलेलं ते शेवटचं पिंप होतं.

खाली योस्टने त्या धारेला रक्ताळलेली ओंजळ लावली होती. ती भरली, तशी त्याने दादापुढे केली.