दौलतरावांची गाडी

"क्लच घसरतो. दुसरा गिअर अडकतो. रेडिएटर गळतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि ड्रायव्हरची सीट पुढे आहे ती मागे सरकत नाही, लिव्हर जाम झालाय."

दौलतरावांनी एवढं सगळं एका दमात सांगितलं, तेही छाती पुढे काढून. प्रीतम हसायला लागला. घोडबंदर रोडवरून तो बायकोला, योगिनीला घेऊन डोंबिवलीत गाडी बघायला आलेला.

"काका, तुम्ही विकायला काढलीय की मोडीत?"

"आपल्या गाडीचं लपवण्यासारखं काही नाही," दौलतराव म्हणाले. "जे बिघडलंय ते वयाने बिघडलंय. हाताने नाही."

खोटं नव्हतं. गाडीचा रंग उडालेला, पण पत्र्याला एक ओरखडा सापडेल तर शपथ. दौलतराव रोज सकाळी ती फडक्याने पुसत, आणि सोसायटीतलं कुणी जवळून गेलं की मुद्दाम जास्त वेळ पुसत. गाडीचा विषय निघाला की या माणसाला आवरणं कठीण. गणपतीला गावी जाताना कशेडी घाटात धुकं उतरलेलं, भलेभले कडेला दिवे लावून उभे, आणि आपली गाडी कशी सरळ वर गेली, हे अख्ख्या बिल्डिंगला तोंडपाठ होतं.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, आता गाडी बंद. त्या दिवसापासून घरात कुणाचंच जेवणावर लक्ष नव्हतं.

गिऱ्हाइकं येत होती, नावं ठेवून जात होती. जो घ्यायला तयार होई त्याला दौलतराव एकच विचारत, "चालवणार कोण?" एक म्हणाला, भाड्याने लावणार, जो मिळेल तो चालवेल. दुसरा म्हणाला, पोरगा, आताच अठराचा झालाय. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी आज सकाळी त्यांच्या पत्नी मालनताई वैतागल्या. "बस्स झालं. संध्याकाळी गोविंदा भंगारवाल्याला बोलवा नि देऊन टाका. रोज कुणीतरी येऊन काहीबाही बोलतं, ऐकवत नाही मला." असं म्हणून त्या बाल्कनीत जाऊन बसल्या त्या खाली उतरल्याच नाहीत. गोविंदा दोरखंड घेऊन येणार म्हणजे येणार. गाडीचा पत्रा वेगळा, इंजिन वेगळं.

"चालवणार कोण?" त्यांनी प्रीतमलाही विचारलं.

"ही." प्रीतमने योगिनीकडे बोट दाखवलं. "लायसन काढून बसलीय, माझ्या नव्या गाडीला मी हात लावू देत नाही. म्हटलं, हिला एखादं जुनं खटारं घेऊन देऊ. ठोकलंन तरी हरकत नाही!"

दौलतरावांचा चेहरा तांबडालाल झाला. "ही गाडी ठोकण्यासाठी नाही," ते म्हणाले. आवाज एवढा चढला की योगिनी दचकली.

"अहो, गंमत केली काका. आधी मीच बघतो चालवून."

प्रीतम स्टिअरिंगवर बसला, गुडघे पोटाशी. दौलतराव शेजारच्या सीटवर ऐसपैस बसले. त्यांची सहा फुटी काया तिथे बरोबर मावली. योगिनी मागे. एक फेरी मारून परतताना सोसायटीच्या फाटकाजवळच्या चढावर प्रीतमने दुसरा गिअर असा काही ओढला की करकरून आवाज झाला आणि गाडी बंद पडली. वर बाल्कनीत ताट आपटल्याचा आवाज आला.

"गेलीय काका ही. कामातून गेलीय."

"उतर," दौलतराव म्हणाले. "तू बस गं."

योगिनी पुढे बसली. सीट जणू तिच्यासाठीच लावली होती. तिने आरसा नीट केला, गाडी मागे घेतली, दूरवर फेरी मारली. प्रीतम मागून सूचना देत होता, तिने एकही ऐकली नाही. येताना पुन्हा तोच चढ. ती घाबरली नाही. एक क्षण थांबली, इंजिनाचा आवाज ऐकला, पाय हलकेच उचलला. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला आणि म्हातारी गाडी कुरकुर न करता वर आली.

दौलतरावांना एकदम भरून आलं. त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं, पण ते काही बोलायच्या आधी वरूनच हाक आली. मालनताई कठडा चाचपत उभ्या राहिल्या होत्या.

"अहो! आत्ता कोण चालवत होतं?"

"ही पोरगी! योगिनी!"

"तिलाच द्या. जे देईल ते घ्या," मालनताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

प्रीतमही जरा नरमला होता. "मग काका, आता हिला तुमच्या हातचं काहीतरी शिकवा ना. घाटाबिटातलं. एवढी वर्षं गाडी जपलीत तुम्ही."

दौलतराव गाडीतून उतरले. ताठ उभे राहिले, वर बाल्कनीकडे पाहिलं, आणि शेजारच्या बिल्डिंगलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मालन, खाली ये गं, हिला तूच शिकव! मी काय सांगणार, मी तर जन्मभर तुझ्या शेजारी बसून शेंगा खाल्ल्या."