नोटेला इस्त्री

नोट दिव्याखाली धरून जुन्या नोटांचा व्यापारी ती इतका वेळ निरखत राहिला, की लाँड्रीवाल्याला वाटलं, भाव मनातल्या मनात चढतोय. चढू दे बाबा. तो खुर्चीत जरा ऐसपैस बसला.

दहा हजाराची नोट होती ती. कधीच चलनातून गेलेली, आणि अख्ख्या शहरात दोन-चार जणांकडे असली तर असेल. लाँड्रीवाल्याच्या वडिलांनी, अण्णांनी, जुन्या नोटा जमवण्यात जन्म घालवला होता. बाकीच्या अडीअडचणीला एकेक करून विकल्या, हिला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःची बायको आजारी पडली तेव्हाही नाही. आज अण्णा स्वतःच इस्पितळात पडले होते, मोडलेल्या पायाला वजन बांधून. संध्याकाळपर्यंत दीड लाख भरले तर उद्या ऑपरेशन, नाही तर घरी घेऊन जा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा कुठे अण्णांनी पेटीची किल्ली मुलाच्या हातात दिली.

व्यापाऱ्याने नोटेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला.

"ही धुतलीय कुणी?"

"मीच," लाँड्रीवाला म्हणाला, आणि खोटं कशाला सांगा, आवाजात थोडा तोराच होता. "फार मळली होती हो. मधोमध घडी, कोपऱ्याला तेलकट डाग. तशी कशी आणायची तुमच्यासमोर? कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतली, वर मलमल टाकून इस्त्री फिरवली. घडी कुठे होती ते दाखवा बघू!"

व्यापाऱ्याने नोट टेबलावर ठेवली आणि चष्मा काढून पुसत बसला.

"अहो, काय करून बसलात हे! छापलेली शाई कागदावर उठून असते. नुसतं बोट फिरवलं तरी लागते. तुम्ही ती सपाट केलीत. घडी होती, डाग होता, असू द्यायचा ना! तशीच आणली असतीत, तर आठ लाख मोजले असते मी."

"आणि आता?"

"आता शोभेची वस्तू. पाच हजार देईन. तेही वडिलांच्या ऑपरेशनला दीड लाख हवेत म्हणालात म्हणून."

पाच हजार! म्हणजे वर छापलेल्या आकड्याच्याही निम्मे. लाँड्रीवाल्याच्या हातचा कपडा आजवर कुणी परत आणला नव्हता. डाग दिसला की काढायचा, चुणी दिसली की मोडायची, एवढंच तो शिकला होता, आणि नेमकं तेच नडलं. मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे त्याला बघवेना.

फोन वाजला. बायको इस्पितळातून बोलत होती.

"अहो, अण्णा सारखे विचारतायत. किती म्हणाला?"

"बोलणी चाललीयत."

"म्हणतायत, आठाच्या खाली उतरू नको म्हणावं."

"बरं," म्हणून त्याने फोन खिशात टाकला. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. एका शब्दाने विचारलं असतं तर धुऊ नकोस म्हणून त्यानेच सांगितलं असतं. पण याला ना, अण्णांना खूश करायचं होतं!

तो उठला. नोट उचलायचंही भान नव्हतं. दारापाशी पोचला, तेव्हा व्यापारी मागून म्हणाला, "पण हात भारी आहे हो तुमचा."

लाँड्रीवाल्याला वाटलं, चेष्टा करतोय. वळून बघितलं, तर व्यापाऱ्याने नोट पुन्हा दिव्याखाली धरली होती.

"नुसत्या डोळ्यांना कोरी करकरीत दिसते. पहिल्यांदा मीही फसलो. बसा जरा."

त्याने खणातून एक जाडजूड पाकीट काढलं आणि टेबलावर उपडं केलं. शंभर-हजाराच्या जुन्या नोटांचा ढीग पडला. चुरगळलेल्या, कुठे शाई सांडलेल्या, कुठे हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या.

"अशा माझ्याकडे पडून आहेत. जाणकार माणूस यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण सगळीच गिऱ्हाइकं बोट फिरवून बघत नाहीत. तुम्ही यांना जरा माणसांत आणा. दीड लाख आत्ता देतो, आगाऊ."

"म्हणजे लोकांना फसवायचं."

"कुणी विचारलं, तर धुतलीय म्हणून सांगेन की. विचारत नाहीत."

"घेतं कोण?"

"नोकरीतून सुटलेली माणसं. पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा हे बरं, म्हातारपणी उपयोगी पडेल, म्हणून घेतात." व्यापाऱ्याने पैसे काढून ढिगाशेजारी ठेवले. "तुमच्या वडिलांसारखी."

लाँड्रीवाल्याच्या मनात आलं, या माणसाच्या कानाखाली एक वाजवावी. त्याची मूठही वळली. खिशातला फोन परत वाजू लागला. त्याने तो काढला नाही. वाजून वाजून आपला बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळात चार होऊन गेले होते, आणि इस्पितळातली पैसे भरायची खिडकी पाचला बंद व्हायची.

तो परत येऊन खुर्चीत बसला. ढिगातली वरची नोट त्याने उचलली, उजेडाकडे धरली, दोन बोटांत चोळून बघितली. मग रोज गिऱ्हाइकाला विचारायचा तसं, मान वर न करता विचारलं,

"खळ हलकी लावू, की कडक?"