चारशे ग्रॅम

तपासणीच्या बाईंनी चाक पिंपातल्या पाण्यातून वर घेतलं, काट्यावरचा आकडा तिसऱ्यांदा वहीत उतरवला आणि हे चाक कारखान्याबाहेर जाऊ देता येणार नाही, असं सांगून टाकलं. आत कुठेतरी पोकळ आहे म्हणाल्या.

आबा मिस्त्री भट्टी सोडून आले. चाक त्यांच्या हातचं होतं. दवाखान्याच्या लिफ्टचं, दोर ज्यावरून फिरतो ते. साचा त्यांनी भरला होता, रस त्यांनी ओतला होता, गार झाल्यावर हातोडीने वाजवून बघितलं होतं तेही त्यांनीच. आता सगळ्यांसमोर त्यांनी ते पुन्हा वाजवलं. आवाज खणखणीत आला. जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

बाई आबांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान असतील. त्यांनी वाद घातला नाही. लोखंडाचा वीतभर लांबीचा एक तुकडा त्यांनी आबांच्या हातात ठेवला. चाक ओतलं त्याच वेळी, त्याच रसातून ओतलेला. तुकडा आणि चाक, दोन्ही त्यांनी आधी हवेत तोलली होती, मग पाण्यात बुडवून. पाण्यात वजन जेवढं कमी भरलं, त्यावरून वस्तूने किती जागा अडवली ते कळलं, आणि वजनाला जागेने भागलं की घनता.

"तुकडा बोटाएवढा असो नाहीतर चाकाएवढा, काका, लोखंड तेच असेल तर हा आकडा तोच यायला हवा," बाई म्हणाल्या. "तुकड्याचा बरोबर येतोय. चाकाचा येत नाही. चाकात चारशे ग्रॅम लोखंड कमी आहे. म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढी जागा रिकामी."

पण ती जागा कुठे, असं मॅनेजरने विचारलं. ते काटा सांगत नाही, बाईंनी कबूल केलं. किती, तेवढंच सांगतो.

"अंडं सापडलं, आता खुराडं शोधा," मागून कोणीतरी बोललं आणि हशा पिकला.

चाक संध्याकाळच्या आत गाडीत चढायचं होतं. मॅनेजरने मधला मार्ग काढला. चाकाच्या काठाला तीन बारीक भोकं पाडून बघायची. ती मागाहून बुजवता येतात. तिन्ही भोकं पाडली. तिन्हीतून बारीक काळा चुरा एकसारखा पडत राहिला. काठ भरीव होता. मॅनेजरने भोकं बुजवून चाक गाडीत चढवायला सांगितलं. बाईंनी वही उघडली, सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा तपासले आणि एवढंच म्हणाल्या की सही मी करणार नाही. या वेळी कोणी हसलं नाही, पण त्यांच्या बाजूला उभंही कोणी राहिलं नाही.

आबांच्या हातात तो तुकडा अजून होता. एकाच पळीतलं लोखंड. ते खोटं कशाला बोलेल? चाक ओतल्यावर साच्याच्या तोंडाशी राखलेला वरचा जास्तीचा रस जरा लवकर थिजला होता. आबांना ते तेव्हाच दिसलं होतं आणि चालतंय म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. थिजताना लोखंड आक्रसतं आणि वरचा रस ओढून घेतं. वर रसच उरला नाही, तर सगळ्यात शेवटी जिथे गार होतं तिथे ते उपाशी राहतं. शेवटी कुठे गार होतं, हे कारखान्यात आबांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं.

त्यांनी खिशातून खडू काढला. आरे जिथे मधल्या जाड तुंब्याला मिळतात, त्यातल्या एका सांध्यावर फुली मारली.

मॅनेजर पुढे झाला. तिथे भोक पडलं की चाक कामातून जाणार, भरीव निघालं तरी, हे त्याने आबांना बजावलं.

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "पाडा."

ड्रिल बोटभर आत गेलं, थोडं आणखी गेलं, आणि मग एकदम खचकन आत शिरलं, तसा चालवणाऱ्याचा तोल गेला. चुरा पडायचा थांबला. बाईंनी खुणांची काचेची नळी आणली आणि भोकातून पाणी सोडलं. पाणी आत जातच राहिलं. ते काठोकाठ आलं तेव्हा त्यांनी नळी उजेडात धरली. त्यांच्या हिशेबाने पंचावन्न मिलिलिटर जायला हवं होतं. चोपन्न गेलं होतं.

आबांनी नळी मागून घेतली आणि चष्मा वर करून स्वतः वाचली. मग बाईंकडे बघत राहिले. लोखंडाच्या आरपार बघणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"एका मिलिलिटरची चूक," बाई जराशा खजील होऊन म्हणाल्या.

"चूक माझी आहे, बाई. तुमची नाही."

मग ते मॅनेजरकडे वळले. याच साच्यातली आणखी दोन चाकं गेल्या महिन्यात त्याच दवाखान्यात बसवली होती. ती उतरवून इथे आणा, बाईंना तोलू द्या, असं त्यांनी सांगितलं.

मॅनेजर कातावला. चाकं सुरळीत चालताहेत, कोणाची तक्रार नाही. "परत मागितलीत कोणी ती?"

"मी," आबा म्हणाले. "आणि ती येईपर्यंत माणसांना जिन्याने जाऊ द्या."