सातवी कुपी

सातव्या कुपीत बुडबुडा होता. चांगला मसुराएवढा, काचेला चिकटलेला आणि नेमका मधोमध. म्हणजे न्यूट्रॉनचा झोत जिथून जायचा, तिथेच.

थोरलीने तो पाहिला. तीस वर्षं याच कामात मुरलेले डोळे ते, त्यांना बुडबुडा चुकतोय कसला! नखाने एक टिचकी मारली की तो वर कुपीच्या मानेत सरकला असता आणि काम झालं असतं. तिने हात पुढे केला. मग तोच हात कोटाच्या खिशात घातला.

प्रयोगशाळेत या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत, एका घरातल्या जावा असल्यासारखं. धाकटी चार वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला पिपेट कसं धरायचं इथपासून सगळं थोरलीने शिकवलं होतं. दोघींचं कामही एकच. पाण्यात तरंगणारे कण, इतके बारीक की नुसतं पाणी दुधासारखं दिसावं, आणि त्या कणांच्या अंगावरचा रेणूंचा थर. हा थर कणावर आडवा पडलेला नसतो, ब्रशच्या केसांसारखा उभा असतो, असं थोरली बारा वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत होती. लोक माना डोलवत आणि पुरावा मागत. पुरावा मिळणार फक्त इथे, या न्यूट्रॉन-यंत्राच्या हातभर जाड भिंतींच्या आत. इथला वेळ अर्ज करून मागावा लागे. दोघींनी अर्ज केला. धाकटीला एक दिवस मिळाला, थोरलीला 'कळवण्यास खेद वाटतो' मिळालं.

चार महिन्यांनी थोरली निवृत्त होणार होती. आणि उद्यापासून हे यंत्र वर्षभर दुरुस्तीसाठी बंद राहणार, अशी पाटी दारावरच लावलेली होती.

"तुम्ही जा तिच्या सोबतीला," साहेब म्हणाले होते. "दोन माणसं लागतातच." आता बोला! आपणच शिकवलेल्या पोरीच्या पेट्या उचलायच्या. थोरलीने त्याच दिवशी फ्रिजमधली आपल्या नमुन्याची बाटली काढून धाकटीच्या हातात कोंबली होती. "ओत ही बेसिनमध्ये. तुझ्या बाटल्यांना जागा होईल."

"ताई, तेवढी नजर टाकाल ना कुप्यांवर?" सुरक्षेचा फॉर्म भरता भरता धाकटीने विचारलं. "फ्रिजमधून काढल्या की कधी कधी हवा सुटते आत. तुमच्यासारखा डोळा नाही बाई माझा."

थोरलीने नजर टाकली होतीच. नाण्याएवढ्या सात चपट्या कुप्या, सगळ्यांत तेच दूध, वर नावं नाहीत, नुसते आकडे. सातातली एक गेली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? सहा उरतातच की. जिला सगळंच मिळालं, तिचं एक तरी फसू दे. मनात हे आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. पण हात काही खिशातून निघाला नाही.

"ठीक आहेत," ती म्हणाली.

जाड दार लागलं आणि मोजणी सुरू झाली. एकेका कुपीला तासभर वेळ. पडद्यावर ठिपके जमत जात आणि शेवटी शेवटी त्यांची रेष उमटे. पहिली रेष सुरेख आली. दुसरी त्याहून सुरेख. एरवी धाकटीच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, पण आज ती गप्प होती. मधूनच थोरलीकडे बघून गालातल्या गालात हसायची. दुपारी तिने चहासुद्धा आणून हातात दिला. 'हसतेय कशी बघा,' थोरली मनात म्हणाली. 'नाकापेक्षा मोती जड झालाय.' सहावी रेषही तशीच सुरेख आली.

सातवी लागली तशी धाकटीने स्वतःची खुर्ची रिकामी केली. "ताई, या ना इकडे. पुढे बसा."

थोरली बसली. ठिपके जमले, पण त्यांची रेष काही होईना. शेवटच्या पाच मिनिटांत तर दिसलंच, सगळा कचरा होता. तोवर रात्रीची पाळी मिळालेल्या गटाची माणसं पेट्या घेऊन दारात उभी राहिली होती.

धाकटीने कुपी बाहेर काढून उजेडात धरली. "बुडबुडा," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. डोळे भरून आले होते.

"असू दे गं," थोरली म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला गोड बोलणं जमलं. "तुझ्या सहा आल्या ना झकास?"

"सहाच माझ्या होत्या, ताई. ही तुमची." धाकटीने बाहीने नाक पुसलं. "ती बाटली मी ओतलीच नव्हती. माझ्या प्रत्येक कुपीच्या वेळेतून दहा-दहा मिनिटं काढली न् ही बसवली. आधी सांगितलं नाही. म्हटलं, एकदम पडद्यावरच बघू देत त्यांना."

दारातल्या कुणीतरी घड्याळाकडे बघत घसा खाकरला.

"माझंच चुकलं. मी स्वतः बघायला हवं होतं." धाकटीने कुपी पुन्हा उजेडात धरली. "पण तुम्ही बघितलंत तेव्हा हा नव्हता ना, ताई?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरीने विश्वास ठेवला असता.

"होता," थोरली म्हणाली.