डंक्याला तिसरी नोटीस

तिसरी नोटीस आली तेव्हा हरिबाच्या अंगात चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने कागद घेतला, पोस्टमनला पाणी विचारलं आणि ओट्यावर बसून राहिला. आत डंका धाडधाड मिरची कुटत होता. कुंडलमध्ये बावीस वर्षं तो असाच कुटत आला होता, आणि एवढ्या वर्षांत एकाही सरकारी माणसाने त्याच्या दारात पाय ठेवला नव्हता. गेल्या सहा महिन्यांत मात्र कचेरीला हरिबाची फारच आठवण येऊ लागली होती.

पहिली नोटीस वजनकाट्याची. काट्यावरच्या सरकारी शिक्क्याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली. 'आलेल्या तक्रारीवरून' एवढंच वर लिहिलेलं, तक्रार कुणाची त्याचा पत्ता नाही. हरिबाने दोन दिवस मोडले, काटा पलूसला नेला आणि शिक्का मारून आणला. दुसरी नोटीस चटणीच्या पाकिटांची. पाकिटावर ना परवान्याचा नंबर, ना तारीख. त्यापायी सांगलीला पाच खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेब रजेवर निघाले, म्हणून पाचवी.

आणि आता ही तिसरी. मोटारीचा पट्टा उघडा आहे, पंधरा दिवसांत जाळी बसवा, कामावरच्या बायकांचा विमा उतरवा, नाहीतर डंक्याला सील लागेल.

सील हा शब्द त्याने दोनदा वाचला. हंगाम ऐन भरात होता. चार गावच्या बायका मिरच्यांची गाठोडी घेऊन ओट्यावर बसत होत्या. आता महिनाभर डंका बंद पडला, तर ही गिऱ्हाइकं स्टँडाकडे वळणार आणि परत फिरकणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

स्टँडाजवळ वीरधवलने दोन वर्षांपूर्वी नवा डंका टाकला होता. तक्रार कुणी केली, याचा विचार करायची हरिबाला कधी गरजच पडली नाही.

बयाबाई, त्याची बायको, आत मिरच्यांची देठं खुडत होती. हरिबाने तिच्यापुढे कागद टाकला आणि वीरधवलच्या नावाने बोटं मोडली.

"आवं, त्यानंच केलं कशावरनं?" तिने मान वर न करता विचारलं.

"मग आमच्या पट्ट्याची एवढी काळजी दुसऱ्या कुणाला हाय?"

बयाबाईला ठसका लागला. मिरचीच्या कामात तो लागायचाच.

पट्ट्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर हरिबाची खरी पंचाईत होती. दिवाळीच्या आधी कामावरच्या मंगलचा पदर पट्ट्यात गेला होता. बयाबाईने धावत जाऊन खटका पाडला, म्हणून लुगडं फाटण्यावर निभावलं. मंगल आठवडाभर पट्ट्याकडे पाठ करून काम करत होती. त्या वेळी घरात जाळीचा विषय निघाला होता. बयाबाई बचत गटाची सचिव. गटात एक वकीलबाई येऊन गेल्या होत्या, धंदेवाल्यांनी कुठं कुठं जपावं ते सांगून गेल्या होत्या. तेही ती सांगायला बसली. हरिबाने हात धुतला आणि उठला. त्या घरात बरेचसे विषय असेच संपायचे.

वीरधवल आणि तो एकाच तालमीत वाढलेले. पण दुसरी नोटीस आली त्याच आठवड्यात वीरधवलचा म्हातारा गेला, आणि हरिबा मातीला गेला नाही. डंका चालू ठेवून बसला. सगळं गाव गेलं. बयाबाई एकटी गेली, आली, अंघोळ केली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमी जायाला पायजे हुतं."

पुढं एकदा वीरधवलने त्याला रस्त्यात गाठलं होतं. डोक्यावर अजून केस आले नव्हते. "गड्या, माझं काय चुकलं ते तरी सांग," म्हणाला. हरिबाने वाट बदलली. घरी आला आणि त्याला भाकरी गेली नाही. दुसऱ्यावर रुसून बसणं हेसुद्धा मेहनतीचं काम असतं, आणि हरिबा आता सगळ्याच मेहनतीला कंटाळला होता.

तरी त्याने जाळी बसवली. गावातल्याच वेल्डरकडून, पट्टा पुरता झाकेल अशी. तिघी बायकांचे विम्याचे कागद केले, हजेरीची वही घातली. सोळाव्या दिवशी कचेरीतून साहेब आले. बदलून आलेले नवे होते, चेहरा हरिबाइतकाच थकलेला. त्यांनी काटा पाहिला, पाकिटं उलटीपालटी केली, जाळी हाताने हलवून बघितली. मंगल शेजारीच उभी होती, पदर मोकळा सोडून. बयाबाई चहा टाकायला आत गेली.

"सगळं चोख आहे," साहेब खुर्चीवर टेकत म्हणाले. "आता तुमच्या डंक्याला कुणी हात लावू शकत नाही."

हरिबाला आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसतंच कुठंतरी आडवं व्हावंसं वाटलं.

साहेबांनी फाइलीतून तीन अर्ज काढले. तिन्ही एकाच हातचे होते, असं म्हणाले. तक्रार मिटली म्हणून तक्रारदाराची सही घेतली की प्रकरण बंद.

"मग स्टँडापाशी जावा सायेब," हरिबा म्हणाला. "डंक्यावरच बसलेला असतुया त्यो. आन सही घेताना त्याला म्हणावं, हरिबा दमला. आता तरी सोड त्याला."

साहेबांनी चष्मा लावला आणि अर्जाचा तळ पुन्हा वाचला.

"पत्ता तर इथलाच आहे," ते म्हणाले. "या बयाबाई आपल्या कोण?"